गाडी कोणाची?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठी आणि कन्नड यांचे ऋणानुबंध अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या पंक्तीत केंद्र सरकारच्या एका साध्या बी.ए. अधिकाऱ्याने दुचाकीच्या नोंदणीवर बोलावयास उभे राहावे, हे काहींना विनोदी वाटेल. आम्ही कार्यवाहांना तसे म्हणालोही. त्यांनी उत्तर न देता आम्हांला सभागृहाच्या आवारात नेले आणि ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या दाखविल्या. एमएच-०९, एमएच-१०, एमएच-१२, एमएच-१३! कोल्हापूर, सांगली, पुणे, सोलापूर अशी सारी मंडळी बेंगळूरात गोळा झालेली. "यांतल्या कित्येकांना येथे येऊन पाच-पाच वर्षे झाली," कार्यवाह म्हणाले, "तुम्ही तुमची हकीकत सांगा, म्हणजे पुरे." ती हकीकत आमच्याच चुकीची असल्यामुळे सांगण्यास संकोच वाटतो, तरीही सांगतो.

आमचे थोरले बंधू साताऱ्यास राहत. घरात सर्व त्यांना अण्णा म्हणत. २००९ साली त्यांनी हिरो होंडा स्प्लेंडर घेतली. एमएच-११ ची ती गाडी त्यांनी आठ वर्षे स्वतःच्या हाताने पुसली. २०१७ साली अण्णा गेले. पुढच्या वर्षी आमची बदली बेंगळूरास झाली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, अंगणात उभी गाडी पाहवत नाही. तुम्ही घेऊन जा, चालती राहील." आम्ही टाकीतले पेट्रोल काढून, गाडी गोणपाटात बांधून, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने पार्सल करून आणली. नोंदणीपुस्तकावर नाव अण्णांचे, पत्ता साताऱ्याचा. ते बदलावयाचे आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर 'मुदतबाह्य' असा शेरा मारणारे आम्ही! परंतु ते पुस्तक हातात घेतले की अण्णांचे नाव दिसे, आणि पुस्तक पुन्हा खणात जाई. अशी तीन वर्षे गेली.

२०२१ साली एका चौकात वाहतूक पोलिसाने आम्हांस थांबविले. कागद पाहून त्याने विचारले, "यारदु गाडी?" म्हणजे, गाडी कोणाची? आमच्या मोडक्या कन्नडात आम्ही म्हणालो, "अण्णंदु." थोरल्या भावाची. कन्नडातही थोरल्या भावास अण्णाच म्हणतात, हे आपण सारे जाणता. त्याने सहज पुढचा प्रश्न केला, "अण्णा एल्लिद्दारे?" अण्णा कोठे आहेत? भर रस्त्यात, शिरस्त्राण हातात धरून, आम्हांला ते सांगावे लागले. तो तरुण क्षणभर गप्प झाला. नंतर त्याने जे समजावले, ते आमच्या कार्यालयातील कोणीही इतक्या सौम्यपणे समजावले नसते. या गाडीने उद्या कोणाला इजा झाली, तर मालक हयात नाही, विमा त्याच्याच नावाचा, आणि चालविणाऱ्याचे नाव कोठेच नाही. भरपाईची वेळ आली की सारे प्रकरण त्या विधवा बाईंच्या दारात जाऊन उभे राहील. दंड आम्ही भरला. परंतु घरी येईपर्यंत मनात घोळत होते ते हे शेवटचे वाक्य. ज्यांनी विश्वासाने गाडी दिली, त्यांच्याच डोक्यावर आम्ही तीन वर्षे टांगती तलवार ठेवली होती.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यातील कलम ४६ प्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी सबंध भारतात ग्राह्य असते. म्हणून साताऱ्याची गाडी बेंगळूरात चालविणे हा गुन्हा नव्हे. परंतु कलम ४७ सांगते की, वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तेथील नोंदणीक्रमांक घ्यावा लागतो. देश एक, मग क्रमांक दोन का? याचे मूळ संविधानात आहे. वाहनांविषयीचा कायदा समवर्ती सूचीत, ३५ व्या नोंदीत येतो. वाहनांवरील कर मात्र राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीत. गाडी ज्या राज्याचे रस्ते वापरते, त्या राज्यास कर हवा. म्हणूनच येथे पुन्हा कर भरावा लागतो, आणि जुन्या राज्यात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांपुरता भाग तेथून परत मागता येतो. हा परतावा आपली पुष्कळ मंडळी मागतच नाहीत.

मालक मरण पावला असेल, तर त्याआधी आणखी एक पायरी असते. वारसाने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करून वाहन आपल्या नावे करून घ्यावे. आमचे तीन महिने कधीच उलटून गेले होते. शिवाय अण्णांना आम्ही परस्पर वारस नव्हतो. गाडी आधी वहिनींच्या नावे, मग वहिनींकडून आमच्या नावे, आणि मग कर्नाटकात, असा तीन टप्प्यांचा प्रवास होता. त्यातच पुस्तकात बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच दिसला. कर्ज अण्णांनी केव्हाच फेडले होते. नमुना ३५ देऊन तो बोजा उतरविण्याचे राहिले होते. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. तो उतरत नाही, उतरवावा लागतो.

वारसांत आमची पुतणीही होती. ती म्युनिकला नोकरी करते. तिच्या संमतीचे प्रतिज्ञापत्र हवे होते. ते तिने तेथील भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन साक्षांकित करून पाठविले. दूरध्वनीवर ती हसून म्हणाली, "काका, मी हॉलंडहून जर्मनीत आले, तेव्हा माझी मोटारसायकल बरोबर आणली. दोन महिन्यांत तिला जर्मन नंबर मिळाला. तुम्ही तर नुसते राज्य बदललेत!" आम्ही निरुत्तर झालो. पण तिची हकीकत ऐकून एक समाधानही वाटले. युरोपीय संघात २७ देश आहेत, त्यांच्यात सरहद्दीवर माल अडविला जात नाही, तरीही वाहनाचा क्रमांक ज्याचा त्याचाच. बिऱ्हाड दुसऱ्या देशात हलविले की साधारण सहा महिन्यांच्या आत तेथे नोंदणी करावी, असा तेथील दंडक. कारखान्याने दिलेले अनुरूपतेचे प्रमाणपत्र, मालकीचा कागद, तपासणी, विमा, कर, ही सारी यादी तिलाही होतीच. पाटीवर डाव्या बाजूस बारा ताऱ्यांची निळी पट्टी आणि तिच्यात देशाचे अक्षर. आपल्या नव्या उच्च सुरक्षा पाटीवरही डावीकडे निळ्या अक्षरांत 'आयएनडी' असते. संघराज्य असो वा राष्ट्रांचा संघ, कर आणि रस्ता यांचा हिशेब ज्या त्या घरचा असतो, हे आम्हांस तेव्हा पटले.

पुढचे टप्पे ज्यांना करावयाचे आहेत, त्यांच्यासाठी क्रमाने सांगतो. मालकी बदलताना नमुना २९ आणि ३०. राज्य सोडताना नमुना २८, म्हणजे 'ना हरकत' दाखला. हा जुन्या कार्यालयाकडून घ्यावयाचा. गाडी चोरीची किंवा गुन्ह्यात अडकलेली नाही, हे पोलिसांच्या नोंदींवरून पाहिले जाते. अर्ज पोचल्यापासून ३० दिवसांत होय किंवा नाही काहीच कळविले नाही, तर दाखला दिला असे कायदा मानतो. म्हणून पोच जपून ठेवावी. नव्या राज्यात नमुना २७, पत्त्याचा पुरावा, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला आणि कर. मालकी बदलल्यावर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीलाही कळवावयाचे असते. पुष्कळसे काम आता 'वाहन' या सरकारी संगणक-प्रणालीवर होते, तरी गाडी घेऊन एकदा समक्ष जावेच लागते.

आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील मंडळींना आता आणखी एक सोय आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'बीएच' म्हणजे भारत मालिका सुरू झाली. केंद्र व राज्य सरकारचे नोकर, संरक्षण दले, सार्वजनिक उपक्रम, तसेच ज्या खाजगी संस्थांची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत त्यांचे नोकर यांना ती मिळू शकते. कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरावयाचा, आणि राज्य बदलले तरी क्रमांक तोच. प्रारंभी ती केवळ नव्या वाहनांस होती. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या वाहनांनाही मुभा मिळाली. तसेच २०२१ पासून नोंदणीपुस्तकात वारसदार म्हणून नामनिर्देशन करता येते. आजच घरी जाऊन हे एवढे काम करा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. आपल्यामागे आपल्या माणसांना खिडकी-खिडकीवर उभे राहावे लागू नये.

आमचे काम २०२२ च्या प्रारंभी राजाजीनगरच्या कार्यालयात, केए-०२ मध्ये, पुरे झाले. त्या दिवसाची एक गोष्ट सांगून थांबतो. अर्जावर चासिस क्रमांकाचा पेन्सिलीचा ठसा लागतो. गाडीच्या सांगाड्यावर, मुठीखालच्या नळीवर तो कोरलेला असतो. त्यावर कागदाची पट्टी धरून पेन्सिल घासावयाची. आम्ही पायरीवर बसून ती घासू लागलो. तेल आणि धूळ पुसून काढली, तरी पहिल्या वेळी नुसताच काळा डाग उठला. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी पट्टी घट्ट धरून दिली. मग एकेक अक्षर पांढरे होऊन वर आले. अण्णांच्या २००९ च्या पुस्तकाशी ताडून पाहिले. एक अक्षर, एक आकडा इकडचा तिकडे नव्हता. तीन वर्षे आम्ही ज्या पाटीला जपत बसलो होतो, ती दोन स्क्रूंवर होती. आणि जे अण्णांनी घेतले होते, ते हे, लोखंडात कोरलेले. ते कोणी बदलावयास सांगितलेच नव्हते.

नवे स्मार्ट कार्ड आले, तेव्हा त्याची छायाप्रत वहिनींनी मागवून घेतली. त्यात मालकाच्या नावाजवळ अनुक्रम छापलेला असतो. आमच्या नावापुढे तीन असा आकडा आहे. वहिनी दूरध्वनीवर म्हणाल्या, "म्हणजे पहिले हेच की, भाऊजी." आम्ही म्हणालो, "होय वहिनी. पहिले अण्णाच."

आजही आम्ही त्याच गाडीवरून येथे आलो आहो. २०२४ साली तिला १५ वर्षे पुरी झाली, तेव्हा तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण केले. या वेळी मुदतीच्या आत. कार्यक्रमानंतर ज्यांना नमुन्यांच्या प्रती हव्या असतील, त्यांच्यासाठी त्या आणल्या आहेत. बाहेर उभ्या असलेल्या एमएच गाड्यांचे मालक प्रथम यावेत.