कूलर काढताय? पाणी भरायच्या आधी हे ऐका

होळी झाली की नागपूर, अकोला, अमरावती, चंद्रपूर, सगळीकडे एकच दृश्य दिसतं. माळ्यावरून, गच्चीवरून कूलर खाली येतात, अंगणात धुतले जातात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गवताच्या ताट्यांचे ढीग लागतात. मुंबई-कोकणातल्या श्रोत्यांनो, हा एपिसोड तुम्हाला थोडा परका वाटेल. तुमच्याकडच्या दमट हवेत कूलर म्हणजे पंख्याला पाण्याची बादली बांधल्यासारखं. पण विदर्भात नवतप्यात तोच जीव वाचवतो, आणि नीट लावला नाही तर घेतोही. दर उन्हाळ्यात इकडच्या पेपरात 'कूलरचा शॉक लागून मृत्यू' ही बातमी येतेच. म्हणून आज आधी शॉक, मग गारवा.

कूलरची बॉडी लोखंडी पत्र्याची. आत पाणी, पाण्यात पंप, वर मोटर. पंपाची वायर पत्र्याच्या धारदार कडेवरून जाते आणि वर्षभर घासून सोलते. कुठे जोड दिलेला असतो, त्यावरची टेप भिजून सुटते. करंट पत्र्यात उतरतो. तुम्ही अनवाणी, फरशी ओली, हातात पाण्याचा पाइप. यापेक्षा वाईट जुळणी नाही.

इथे बरेच जण म्हणतात, "आमच्याकडे एमसीबी आहे ना, पडेल की." नाही पडणार! घरातला एमसीबी सहा, दहा, सोळा अँपिअरचा असतो. माणसाच्या छातीतून ०.१ अँपिअर गेला तरी हृदयाचा ताल बिघडून जीव जाऊ शकतो. एवढासा करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. तो वायर जळू नये म्हणून आहे, तुमच्यासाठी नाही. माणसासाठी असतो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं. दाबल्यावर पडला नाही, तर तो शोभेचा आहे, बदला.

दुसरी गोष्ट अर्थिंग. तीन पिनांचा प्लग पाहिजे आणि तिसरी, जाड पिन खरोखर कूलरच्या पत्र्याला जोडलेली पाहिजे. भाड्याच्या कूलरमध्ये आणि जुन्या खोल्यांमध्ये नेमकी तीच गायब असते. रूम घेऊन राहणाऱ्यांनो, घरमालकाला स्पष्ट विचारा, "काका, या सॉकेटला अर्थिंग आहे का?" लाजू नका. दोनशे-चारशे रुपये घेऊन इलेक्ट्रिशियन तपासून देतो. टेस्टर लावून पत्र्यावर दिवा लागला तर कूलर तिथेच बंद. पण दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नका. आणि ते उलट्या हाताने टेकून बघणं, कृपा करून सोडा.

पाणी भरताना प्लग काढलेला पाहिजे. फक्त बटण बंद करून चालत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं आणि फेज आत तसाच राहतो. घरात लहान भावंडं असतील तर पाणी भरायचं काम त्यांच्याकडे नकोच. कुणी चिकटलंच तर हात लावू नका. आधी मेन बंद करा, मग १०८ ला फोन.

आता गारवा. कूलरचं सगळं गणित बाष्पीभवनावर आहे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. बाहेर ४४ अंश आणि हवा कोरडी ठणठणीत असेल, तर चांगला कूलर २८-३० अंशांची हवा देऊ शकतो. पण ताटी सगळीकडे सारखी ओली असली तरच. जिथे कोरडा पट्टा राहतो तिथून सरळ लू आत येते. वरच्या पन्हाळीची भोकं बोअरच्या क्षारांनी बुजतात. ती काडीने मोकळी करा, लिंबूसत्वाच्या पाण्याने पांढरा थर निघतो. गवत दर हंगामाला नवीन, कुबट वास आला तर मध्येच बदला. आणि खिडकी-दार थोडं उघडं ठेवा! आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली चिकचिकीत होते, आणि मग लोक कूलरला शिव्या देतात.

पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढायचं. नुसतं काढून उपयोग नाही, टाकीच्या भिंती घासायच्या. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला अंडी चिकटवतो. ती अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत असतात. पाणी लागलं की साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार.

खरी गडबड जुलैत होते. पाऊस सुरू झाला, कूलर बंद, सगळे विसरले, आणि खिडकीबाहेरच्या टाकीत चार बोटं पाणी तसंच. म्हणून पहिला चांगला पाऊस पडला की त्याच रविवारी खालचं बूच काढा, गवत फेका, टाकी घासून उन्हात कोरडी करा, पंप काढून पुसून पिशवीत ठेवा. गंज दिसला तिथे रंगाचा हात मारा. बूच मात्र परत लावू नका, उघडंच राहू द्या. वरून पाऊस आला तरी पाणी साचणार नाही.