अडीचशे पौंडांची गाडी आणि आपलं खर्चाचं पान

(समुदाय रेडिओवरील भाषण)



स्वयंपाकघर आवरलं असेल, गोठ्यातलं उरकलं असेल, तर थोडा वेळ बसा. गटाची वही आणि पेन हाताशी असलं तर आणखी चांगलं.

आज आपण अंदाजपत्रकाबद्दल बोलणार आहोत. या महिन्यात आमच्या प्रभागातल्या तीन गटांचे कर्जप्रस्ताव बँकेत जायचे आहेत. तिन्ही प्रस्तावांत बचतीचं पान नीट आहे, परतफेडीचं पान नीट आहे, पण खर्चाचं पान जवळजवळ कोरं. यंत्राची किंमत लिहिली, खाली रेघ मारली, झालं. त्या कोऱ्या जागेत काय काय लपलेलं असतं, ते आज बघू.

उदाहरण मात्र आम्ही मुद्दाम लांबचं घेतलं आहे. शेळ्यांचा हिशेब मांडला की ‘ही कुणाची शेळी गं’ म्हणून कुजबुज सुरू होते आणि हिशेब बाजूलाच राहतो. म्हणून उदाहरण थेट इंग्लंडचं, घरच्या घरी बनवलेल्या मोटारगाडीचं. हसू नका. या गाडीच्या हिशेबात आपल्या कामाचं पुष्कळ आहे.

तिकडे लोटस नावाच्या कंपनीने 1957 साली ‘सेव्हन’ नावाची एक छोटी गाडी काढली. कॉलिन चॅपमन हे तिचे कर्ते. दोन माणसांपुरती, डोक्यावर पक्कं छप्पर नाही, जमिनीला अगदी लागून, आणि फार हलकी. वजन पाचशे किलोच्या आसपास. आपली मारुती ८०० सुद्धा साधारण साडेसहाशे किलोची होती, यावरून अंदाज करा. ही गाडी तयार मिळायची आणि सुट्या भागांतही मिळायची. भाग घरी न्या आणि स्वतः जोडा. यालाच किट म्हणतात. लोक एवढा खटाटोप का करायचे? कारण त्या वेळी तिथे तयार गाडीवर खरेदी कर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. जोडायची मेहनत आपली, वाचलेला कर आपल्या खिशात. 1973 मध्ये तिथली करपद्धत बदलली आणि तो फायदा संपला. पण स्वतः गाडी जोडायची हौस काही संपली नाही.

पुढे 1996 साली रॉन चॅम्पियन या गृहस्थांनी एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच म्हटलं होतं की अवघ्या 250 पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा. तेव्हाच्या दराने हे साधारण 14,000 रुपये होतात. एवढ्यात गाडी! पुस्तक वाचून किती तरी लोक आपापल्या गॅरेजमध्ये कामाला लागले. आता आपण वही उघडू आणि या अडीचशे पौंडांत काय धरलं होतं आणि काय धरलं नव्हतं ते बघू.

धरलं होतं ते असं. एक इंच चौकोनी लोखंडी नळी विकत घ्यायची, ती कापून, वेल्डिंग करून गाडीचा सांगाडा घरीच करायचा. मग फोर्ड एस्कॉर्ट नावाची एक जुनी गाडी शोधायची. सरकारी तपासणीत नापास झालेली, गंजलेली, म्हणून मातीमोलाने मिळणारी. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टिअरिंग, ब्रेक काढून आपल्या सांगाड्यात बसवायचे. आणि उरलेले दरवाजे, काचा, सीट फेकायचे नाहीत. ते विकायचे आणि आलेले पैसे जमेच्या बाजूला लिहायचे.

हे मात्र मनापासून घ्यावं असं आहे. डाळ मिलची चुणी आपण शेजारणीच्या म्हशीला देऊन मोकळ्या होतो. द्या, पण आधी वहीत लिहा. चुणीला भाव आहे, कळण्याला भाव आहे, रिकाम्या पोत्यालाही भाव आहे.

आता धरलं नव्हतं ते. वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, ड्रिल, पाने, इंजिन उचलायची साखळी, ही हत्यारं घरात आहेत किंवा कुणाकडून उसनी मिळतील, असं मानलं तरच खर्च इतका खाली येतो. डोक्यावर शेडही हवी. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याचं काम अडीचशेत कसं होणार?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे श्रम. धरा, एक माणूस दर शनिवार-रविवारी मिळून आठ तास गाडीवर काम करतो. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर 400 तास झाले. दोन वर्षं लागली तर 800 तास. या 800 तासांची किंमत त्या हिशेबात किती? शून्य.

त्या माणसाचं यात काही चुकत नाही. त्याची ती हौस आहे. सुट्टीच्या दिवशी हात काळे करण्यात त्याला आनंद आहे, आणि घर त्याच्या पगारावर चालतं. पण तोच हिशेब आपण पापड, डाळ, मसाल्याला लावला तर? आपण काही हौस म्हणून डाळ भरडत नाही.

म्हणून एक गणित करू. आकडे उदाहरणापुरते आहेत. सहा बायका, रोज चार तास, महिन्याचे 25 दिवस. किती झाले? 600 तास. महिनाअखेर वहीत नफा दिसतो 15,000 रुपये. सगळ्या खूश. आता 15,000 ला 600 ने भागा. तासाला 25 रुपये पडले. याच तासाला निंदणी-खुरपणीला गेलं तर तुमच्या गावात काय मिळतं, ते तुम्हीच शेजारी लिहा. मजुरी त्याहून जास्त असेल, तर वहीतला तो नफा नाही. आपलीच कमी दिलेली मजुरी आपण नफा म्हणून मोजतो आहोत.

घरात आपल्या कामाला पैसा मोजत नाहीत, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की गटाच्या वहीतही आपणच आपल्याला शून्य लिहितो. सुरुवातीचे काही महिने मजुरी कमी घ्यायची असं गटाने ठरवलं, तर ते चालेल. पण ते ठरवून, लिहून, ठराव करून व्हावं. मजुरीचा रकाना वहीत असलाच पाहिजे. आज त्यात कमी आकडा असेल, पण रकाना गायब नको.

आता दुसरी गोष्ट, वजनाची. ही गाडी बनवणारे दोन हिशेब ठेवतात, पैशाचा आणि किलोचा. कारण गाडी जड झाली की तिला जास्त ताकदीचं इंजिन लागतं. इंजिन मोठं झालं की ब्रेक मोठे, चाकं मोठी, सांगाडा जाड. म्हणजे पुन्हा वजन वाढलं आणि पुन्हा खर्च वाढला. एका जड वस्तूमागून चार जड वस्तू येतात. उलट गाडी हलकी ठेवली तर जुन्या गाडीचं साधं इंजिनसुद्धा तिला झकास पळवतं. कमी खर्चात पळणारी गाडी हवी, तर हा रस्ता सोपा.

आपल्याकडे हे वजन म्हणजे कर्ज. विकणारा सांगतो, ताई, थोडे जास्त टाका, मोठं मशीन घ्या. मोठं मशीन आलं की मोठी मोटर, मोठं वीजबिल, मोठी जागा, आणि ते चालू ठेवायला रोज जास्त तूर. एवढी तूर रोज आणणार कुठून? मशीन तासाला किती डाळ काढतं हे विचारण्याआधी, आपल्याकडे रोज किती तूर येईल हे विचारा.

तिसरी गोष्ट बारीकसारीक खर्चाची. इंजिनाची किंमत कुणी विसरत नाही. विसरतात ते नट-बोल्ट, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, रबर, ऑइल, रंग, आणि सामान आणायचं भाडं. एकेक वस्तू किरकोळ असते, पण असल्या वस्तूंची यादी पानभर होते. शिवाय इंग्लंडमध्ये 1998 पासून अशा घरी बनवलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणी सक्तीची झाली. ब्रेक बघतात, दिवे बघतात, सीट बेल्ट कुठे अडकवला ते बघतात, धूर आणि आवाज मोजतात. बाहेरच्या बाजूला धारदार कड चालत नाही, म्हणून लोक बोल्टच्या डोक्यांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवतात. नापास झालं की दुरुस्ती करा, पुन्हा न्या, पुन्हा फी भरा. म्हणून शहाणा माणूस तपासणीचा खर्च पहिल्या दिवशीच यादीत लिहितो.

आपल्याकडे असली गाडी रस्त्यावर आणणं फार अवघड आहे, हेही सांगून ठेवतो. नाहीतर घरातलं पोरगं उद्या वेल्डिंग मशीन मागायचं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप केली होती, खर्च साधारण 60,000 रुपये. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण ती नियमात बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कौतुक झालं तरी नियम नियमाच्या जागी राहिला. आपल्या डाळीलाही अन्नसुरक्षा नोंदणी लागते, वजनकाट्यावर पडताळणीचा शिक्का लागतो, पाकिटावर तारीख, वजन आणि नोंदणी क्रमांक लागतो. हे सगळं खर्चाच्या पानावर यायला हवं.

चौथी गोष्ट, आधी काय घ्यायचं. गाडी बनवणारे हौशी लोक पुष्कळदा आधी चकचकीत चाकं घेतात, छान सीट घेतात, आणि सांगाड्याचं वेल्डिंग अर्धवटच असतं. पैसे संपतात. मग ती गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खाते आणि शेवटी ‘अर्धवट काम’ म्हणून विकली जाते. त्यात घातलेल्या भागांचे पैसेसुद्धा निघत नाहीत. अर्धी गाडी अर्ध्या किमतीला जाईल असं समजू नका. जी चालत नाही, तिला कोण पैसे देणार?

आमच्या भागातल्या एका गटाने तीन वर्षांपूर्वी डाळ मिल आणली. यंत्राचे पैसे कर्जातून भागले. पाटी रंगवली, पाकिटं छापली, नारळ फुटला. मग कळलं, मोटारीला थ्री फेज जोडणी हवी. अनामत, केबल, स्टार्टर, खाली सिमेंटचा ओटा, यातलं काहीच यादीत नव्हतं. यंत्र सात महिने समाजमंदिरात ताडपत्रीखाली पडून होतं. बँकेचा हप्ता काही ताडपत्रीखाली थांबला नाही. बारा जणींनी रोजंदारीतून तो भरला. दोघींनी कानातलं गहाण ठेवलं. एकीने गट सोडला, आणि ती आजही रस्त्यात भेटली तर मान वळवते. यंत्र चांगलं होतं, बायका कष्टाळू होत्या, कमी पडलं ते एक पान.

पाचवी गोष्ट, भावाची. त्या पुस्तकातली जुनी एस्कॉर्ट पुढे दुर्मिळ झाली, शौकिनांनी तिचा भाव चढवला. मग 2007 साली त्याच धर्तीचं नवं पुस्तक आलं, त्यात फोर्डचीच दुसरी गाडी, सिएरा, धरली होती. दुसऱ्या गटाने दोन वर्षांपूर्वी कितीला घेतलं, यावरून आपला प्रस्ताव लिहू नका. आजचं कोटेशन आणा, तीन ठिकाणचं आणा, आणि त्यात वाहतूक, जीएसटी आणि बसवून देणं धरलं आहे का, हे विचारा.

आता वहीचं एक पान घ्या आणि सात मथळे लिहा. यंत्र. जागा आणि वीज. हत्यारं आणि बारीक सामान. परवाने आणि तपासणी. पहिल्या तीन महिन्यांचा कच्चा माल. आपली मजुरी. आणि शेवटी अडीअडचणीसाठी एकूण खर्चाच्या शंभराला पंधरा रुपये. शेजारी जमेची बाजू करा, त्यात चुणी आणि पोती विसरू नका. ज्या मथळ्यापुढे आकडा लिहिता येत नाही, तिथे प्रश्नचिन्ह काढा. पुढच्या बैठकीत ती प्रश्नचिन्हं वाटून घ्या. एकीने वीज मंडळात जायचं, एकीने वजनमाप कार्यालयात. सगळी प्रश्नचिन्हं पुसली जाईपर्यंत अध्यक्षांनी प्रस्तावावर सही करायची नाही आणि सचिवांनी शिक्का मारायचा नाही.

बेरीज बघून छाती दडपेल. काही गट म्हणतील, हे आपल्याला आत्ता झेपायचं नाही. असं म्हणायचा गटाला पूर्ण हक्क आहे, आणि ते कागदावर कळलेलं बरं. काही गट छोटं मशीन घेतील आणि वर्षभरात कर्ज निम्म्यावर आणतील.

तुमचं पान तयार झालं की ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या. आम्ही तुमच्या शेजारी बसून बेरीज तपासू. प्रस्ताव जायला अजून तीन आठवडे आहेत.