गाडी कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, डबे-पार्सलं पोचवायला टेम्पो घेताय, तर विम्याचंही बोलू. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. पण त्यातून आपल्या गाडीची भरपाई होत नाही. त्यासाठी सर्वंकष पॉलिसी लागते. आतल्या मालाचा विमा वेगळा. खासगी गाडी म्हणून विमा काढून भाड्याने माल वाहिला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

आता कळीचा मुद्दा. २०१८ साली १५ लाखांवर नेलेलं मालक-चालकाचं अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकालाच मिळतं, तेही वैध परवाना असेल तर. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवणार तुम्ही, तर ते तुम्हाला लागू नाही. हप्ते आपण फेडायचे, जीव आपण धोक्यात घालायचा. मग आरसी बुकावर नाव कुणाचं? सही करण्याआधी हे घरात विचारा.