आपल्या आठवणींचे कोठार: कमी खर्चातला घरचा सर्व्हर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. गेल्या मेळाव्याच्या वर्गणीतून ४०,००० रुपये शिल्लक राहिले होते. त्यातून शाळेचे जुने फोटो, कॅसेटी आणि स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओ टेपा नीट सांभाळण्याची सोय करावी असे ठरले. श्रीरामपुरात माझे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून "तूच बघ" असे म्हणून सगळे मोकळे झाले. पैसा सर्वांचा आहे, तेव्हा तो कशावर आणि का खर्च केला, हे सांगणे माझे काम आहे. आधीच एक सांगतो: यातली एकही वस्तू माझ्या दुकानातून घेतलेली नाही. सगळी बिले नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहेत, चहाच्या वेळी बघून घ्या.

पहिला प्रश्न अनेकांनी ग्रुपवर विचारला होता. हे सगळे गूगलवर टाकून का देत नाही? त्याची कारणे आहेत. गूगल फोटोजवर अमर्याद फुकट जागा मिळायची, ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता फुकट मिळतात १५ जीबी, आणि त्यातच मेलही येतात. जास्त जागा हवी तर दरमहा भाडे, तेही कायमचे. शिवाय खाते एका माणसाच्या नावावर असते. दोन वर्षे कोणी उघडले नाही तर कंपनी ते खाते काढून टाकू शकते.

यातले शेवटचे कारण मला जास्त टोचते. आपल्यातला एक मित्र कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याच्या मुलीने गेल्या वर्षी ग्रुपवर विचारले होते, "बाबांचा शाळेतला एखादा फोटो आहे का?" त्याच्या फोनचे कुलूप घरात कोणालाच उघडता आले नाही. ग्रुपवर सापडला तो दहा वेळा फॉरवर्ड होऊन पुसट झालेला एक चौकोन. अखेर आपल्या चित्रकलेच्या सरांच्या अल्बममध्ये सहलीचा मूळ फोटो मिळाला. त्यात तो दुसऱ्या रांगेत स्पष्ट दिसतो. सरांनी तो अल्बम पत्र्याच्या पेटीत कोरडा ठेवला होता, म्हणून मिळाला. आपल्याला तशीच एक पेटी हवी आहे.

बाजारात जाण्याआधी मी माल मोजला. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयने, काही न गाळता स्कॅन केला तर साधारण २६ एमबी होतो. आपल्याकडे अंदाजे ६,००० फोटो जमतील असे धरले, म्हणजे १५६ जीबी. तासाभराच्या ऑडिओ कॅसेटला ६०० एमबीच्या आसपास लागतात. २० कॅसेटींचे १२ जीबी. व्हिडिओ टेपा मात्र खादाड. चांगल्या प्रतीत उतरवल्या तर तासाला १३ जीबी. तीन-तीन तासांच्या १२ टेपा म्हणजे ४६८ जीबी. सगळे मिळून ६४० जीबीच्या आत. म्हणजे २ टीबीची डिस्कसुद्धा पुरली असती. पण पुढच्या दहा वर्षांत तुमचे मोबाइलमधले फोटो येणार, आणि ४ टीबीची डिस्क २ टीबीच्या दुप्पट महाग नसते. म्हणून ४ टीबी घेतली. आठ-दहा टीबीचा मोह टाळला. आणखी एक, डिस्क लावल्यावर कॉम्प्युटर ३.६ दाखवेल. कोणी फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, एवढाच फरक.

आता सर्व्हर. या शब्दाला घाबरू नका. सतत चालू राहील आणि घरातल्या बाकीच्यांना फाइली देईल असा कुठलाही कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. कंपन्या कार्यालयातले जुने डेस्कटॉप काही वर्षांनी एकगठ्ठा विकतात. तेच झाडूनपुसून सेकंडहँड बाजारात येतात. आपण तसाच एक घेतला, ८ जीबी रॅम आणि छोट्या एसएसडीसह १०,५०० रुपयांना. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, कॅबिनेट उभे आणि रुंद हवे. चपट्या कॅबिनेटमध्ये बहुतेक वेळा एकच मोठी हार्डडिस्क बसते, आणि आपल्याला दोन बसवायच्या होत्या. दुसरी, मदरबोर्डवर किमान तीन साटा पोर्ट हवेत, म्हणजे एक एसएसडीला आणि दोन डिस्कना. तिसरी, एसएमपीएस. ब्रँडेड मशीनमध्ये तो पुष्कळदा वेगळ्याच बनावटीचा असतो, जळाला तर बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. म्हणून नेहमीचा जोड असलेले मशीन शोधले. डिस्कला वीज देण्यासाठी स्वस्तातले ओतीव प्लास्टिकचे जोड मिळतात, ते मी वापरत नाही. ते आतून चिकटून पेटल्याची उदाहरणे जगभर आहेत.

प्रोसेसर कुठला, असे मला पोरे विचारतात. या कामाला प्रोसेसरची फार ताकद लागत नाही, वीज मात्र लागते. आपले मशीन सरासरी ३५ वॅट घेते. चोवीस तास चालले तर वर्षाला ३०७ युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर २,७६० रुपये. तेच जुने गेमिंग मशीन फुकट मिळाले आणि ते ९० वॅट घेत असले, तर वर्षाला ७,१०० रुपयांच्या आसपास जातात. फुकटचे मशीन असे महागात पडते. आपल्याला रात्रंदिवस गरजही नाही, म्हणून सध्या ते रोज संध्याकाळी चार तास चालते. त्याचे वर्षाला ५१ युनिट होतात, ते माझ्या बिलात जातील.

सर्वांत जास्त विचार हार्डडिस्कचा केला, कारण खरा ऐवज तिच्यात असतो. डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक पट्टी वेगळी असते, तिला सीएमआर म्हणतात. दुसरीत पट्ट्या कौलारू छपरासारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, ती एसएमआर. कौलारू पद्धतीत जागा जास्त मावते, पण मधले एक कौल बदलायचे तर त्याच्यावरची बाजूची कौले उचलावी लागतात. त्यामुळे मोठे लिखाण आले की डिस्क रेंगाळते, आणि दोन डिस्कांची जोडी पुन्हा जुळवताना तर फारच. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीने सर्व्हरसाठीच्या डिस्कमध्ये गाजावाजा न करता ही पद्धत घातल्याचे उघड झाले आणि बराच गदारोळ झाला. म्हणून वेष्टनावरच्या नावावर न जाता कंपनीच्या तक्त्यात मॉडेल नंबर शोधून सीएमआर असल्याची खात्री केली. दोन डिस्कचे १८,४०० रुपये झाले. सेकंडहँड कॉम्प्युटर घ्या, पण सेकंडहँड हार्डडिस्क घेऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या डिस्क, चाललेले तास शून्यावर आणून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. म्हणून आपल्या दोन्ही नव्या डिस्कसुद्धा माल भरण्याआधी दोन-तीन दिवस पूर्ण लिहून-वाचून तपासल्या.

दोन डिस्क कशाला? दोन्हींवर तेच लिहिले जाते. एक मेली तर दुसरी काम चालवते. स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांच्याकडून महागड्या डिस्कचे काम करून घ्यायचे, ही कल्पना १९८८ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या तीन संशोधकांनी मांडली. तिलाच रेड म्हणतात. ज्या जिल्ह्यात लोणीला शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून साखर कारखाना उभा केला, तिथे ही कल्पना समजावून सांगावी लागू नये.

पण एवढ्याने भागत नाही. डिस्क मरते तेव्हा निदान कळते. कधी कधी ती जिवंत असते आणि आतला एखादा अक्षरतुकडा गुपचूप बदलतो. फोटोवर हिरवी रेघ येते, आणि दोन प्रतींपैकी खरी कुठली हे सांगायला कोणी नसते. ही अडचण आपल्याकडे फार जुनी आहे. ज्ञानेश्वरी आपल्या नेवाशात सांगितली गेली, १२९० मध्ये. पुढे तिच्या हाताने केलेल्या नकला गावोगाव गेल्या आणि पाठ बदलत गेले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, पैठणला एकनाथ महाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला पुष्कळ असल्या तरी त्या पारखणारा कोणीतरी लागतो. आपल्या सर्व्हरवर हे काम झेडएफएस नावाची व्यवस्था करते. ती प्रत्येक तुकड्याचा एक आकडा काढून वेगळा नोंदवते. वाचताना आकडा जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरची जुळणारी प्रत घेते आणि बिघडलेली दुरुस्त करते. महिन्यातून एकदा ती सगळा साठा अशी तपासून घेते. ट्रूनॅस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती तयार मिळते. त्यासाठी किमान ८ जीबी रॅम लागते, म्हणून आठच घेतली. रॅम जुनी होती, ती एक रात्र तपासणीला लावून मगच वापरली.

आता आपल्या भागातली खरी अडचण: लाइट. लिहिता लिहिता लाइट गेली की नुकसान होते, आणि अवकाळी पावसात ती किती वेळा जाते हे मी सांगायला नको. इन्व्हर्टर घरात आहे, पण तो पकड घेईपर्यंतच्या क्षणात मशीन बंद पडू शकते. म्हणून ३,९०० रुपयांचा यूपीएस घेतला. घेताना मागे यूएसबी पोर्ट आहे की नाही ते पाहिले, स्वस्तातल्या पुष्कळ यूपीएसना ते नसते. त्या वायरीतून यूपीएस सर्व्हरला कळवतो की लाइट गेली, बॅटरी संपत आली, आणि सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून मशीन माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवले नाही. खालच्या खोलीत, जमिनीपासून फूटभर वर, राउटरशेजारी आहे. मागच्या फटींना जाळी लावली आहे, कारण उंदीर वायर सोडत नाही.

सगळे जोडल्यावर एक दिवस मी मशीन बंद करून एक डिस्क मुद्दाम काढली आणि पुन्हा चालू केले. सहलीचा तो फोटो उघडला. उघडला! डिस्क परत लावली, जोडी जुळली. आग विझवायची बादली आग लागण्याआधीच भरून पाहावी, तसे हे.

तरीही जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून फाइल पुसली तर दोन्ही डिस्कवरून एकदम पुसली जाते. चोरी झाली, वीज पडली, तर दोन्ही एकदम जातात. म्हणून जगभर एक साधा नियम पाळतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आपण ५,८०० रुपयांची २ टीबीची बाहेरची डिस्क घेतली. ती पुण्याला आपल्या एका मैत्रिणीच्या कपाटात असते. दर तीन महिन्यांनी ती इकडे येते, ताजी होते आणि परत जाते. तिसरी प्रत म्हणजे सगळ्या फोटोंच्या छोट्या आवृत्त्या, प्रत्येकी २ एमबीच्या आसपास. त्या १२ जीबीत बसतात आणि गूगलच्या फुकट खात्यात मावतात. तुमच्यापैकी कोणाला घरी असे काही करायचे असेल आणि पैसे कमी असतील, तर दुसरी आतली डिस्क नंतर घ्या, पण दुसऱ्या गावची प्रत आधी करा.

वायरी आणि किरकोळ ४५० धरून एकूण खर्च ३९,०५०. शिल्लक ९५०, ते खजिनदारांकडे दिले आहेत.

मैत्रिणींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. हा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवलेला नाही. कोणाला फोटो हवा असेल तर मागावा, तो पाठवला जाईल. कोणाला स्वतःचा फोटो काढून टाकायचा असेल तर एका निरोपावर काढला जाईल, कारण विचारणार नाही. आणि उद्या मी नसलो तर? पासवर्ड आणि चालू-बंद करण्याची पद्धत एका कागदावर लिहून तीन पाकिटांत बंद केली आहे. एक शाळेच्या कपाटात, एक पुण्याच्या मैत्रिणीकडे, एक खजिनदारांकडे. ज्याचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत आहे, ते सामायिक म्हणता येत नाही.

आता माझी मागणी. आतापर्यंत २,१०० फोटो स्कॅन झाले आहेत. त्यातल्या ७०० च्या वर फोटोंत कोण उभे आहे, कुठले साल आहे, हे आपल्याला सांगता येत नाही. मशीन फोटो पन्नास वर्षे जपेल, पण मागच्या रांगेतला मुलगा कोण हे त्याला ठाऊक नाही. ते ज्यांना ठाऊक आहे, ते आपले सर आणि बाई आज पहिल्या रांगेत बसले आहेत. जेवणानंतर ग्रंथालयात मोठा पडदा लावला आहे. एकेक फोटो दाखवू, गुरुजनांनी नावे सांगावीत, आपल्यापैकी दोघे लिहून घेतील. ज्यांनी घरून अल्बम आणले आहेत त्यांनी ते स्कॅनरच्या टेबलावर नाव लिहून द्यावेत. फोटो अल्बममधून ओढून काढू नका, चिकटलेले आम्ही तसेच स्कॅन करू. संध्याकाळी जाताना ज्याचा अल्बम त्याला परत मिळेल.