रॅकेट आणि दप्तर

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला मी टेनिसचा विषय घेतला, याचे आपल्यापैकी काहीजणींना नवल वाटले असेल. हा खेळ साहेबांचा, जिमखान्यांतला, पांढऱ्या कपड्यांचा. महिला मंडळाशी त्याचे नाते काय? नाते आहे, आणि ते जुने आहे. विंबल्डनच्या स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री आपल्या मुंबईची. १९३४ साली लीला राव यांनी तो मान मिळविला. त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमाबाई राव या संस्कृतच्या विदुषी. गांधीजींच्या चळवळीवर 'सत्याग्रहगीता' लिहिणाऱ्या या बाई स्वतःही टेनिस खेळत. लीलाबाईंनी पुढे नृत्यावर पुस्तके लिहिली. एकाच घरात ग्रंथ आणि रॅकेट सुखाने नांदत होते, आणि कोणालाही दुसऱ्यासाठी घराबाहेर जावे लागले नाही.

आता दिवस बदलले. आज मुलींना चांगले टेनिस खेळायचे असेल तर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, शिवाय धावणे, दोरीच्या उड्या आणि व्यायाम. त्यात स्पर्धा. आपल्याकडे बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालील असे गट आहेत. शनिवार-रविवारी पात्रता फेरी होते, सोमवारपासून मुख्य सामने. पहिल्याच फेरीत हरलेली मुलगी बुधवारी शाळेत हजर असते. जिंकत जाणारी मात्र आठवडाभर परगावी राहते. म्हणजे मुलगी जितकी गुणी, तितकी तिची शाळा अधिक बुडते! वर्षाला अशा पंधरा स्पर्धा धरा, प्रत्येकीचे पाच दिवस धरा. ७५ दिवस झाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाचे २२० दिवस ठरवून दिले आहेत. त्यातला तिसरा हिस्सा असा जातो.

मग घरात प्रश्न उभा राहतो. आपल्याच भागातील एका आईने मला तो विचारला. मुलगी आठवीत, खेळात हुशार. प्रशिक्षकांचे म्हणणे, शाळेतून काढा, नाहीतर मागे पडेल. आजीचे म्हणणे, दोन वर्षांवर दहावी आली, आता खेळ बंद करा. "बाई, दोघांपैकी कुणाचे ऐकू?" असे ती म्हणाली. तिला मी जे सांगितले तेच आज आपल्यापुढे जरा विस्ताराने मांडते. माझे म्हणणे असे की, दोघांचेही ऐकू नये.

प्रथम प्रशिक्षकांच्या सल्ल्याकडे पाहू. शाळा सोडून मोठे झालेले खेळाडू आहेत, हे खरे. आंद्रे अगासीला तेराव्या वर्षी घरापासून दूर फ्लॉरिडातील निवासी अकादमीत पाठवले. नववीत त्याची शाळा सुटली. पुढे त्याने एकेरीची आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविली. परंतु २००९ साली आत्मचरित्रात त्याने लिहिले की, आपल्याला टेनिसचा तिटकारा होता. आणि कमावलेल्या पैशातून त्याने काय काढले? २००१ साली लास वेगासच्या गरीब वस्तीत मुलांसाठी एक शाळा काढली! जे आपल्याला मिळाले नाही त्याची किंमत त्याला बरोबर कळली होती.

जेनिफर कॅप्रियाती हिची गोष्ट तर प्रत्येक आईने ऐकावी. १९९० साली, चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते, तेव्हा ती व्यावसायिक खेळाडू झाली. त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली, १९९२ साली ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले, आणि पुढच्याच वर्षी थकून खेळातून बाहेर पडली. २००१ साली तिने पुन्हा मोठी विजेतेपदे मिळविली, पण मधली वर्षे फार कठीण गेली. १९९५ पासून स्त्रियांच्या व्यावसायिक टेनिसने वयाचे बंधन कडक केले. चौदा वर्षे पुरी होईपर्यंत प्रवेश नाही. आणि पुढे अठरापर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा. भगिनींनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. खेळ स्वतःच आपल्या मुलींना सांगतो आहे की, अठरापर्यंत घाई करू नका. मग आपण तेराव्या वर्षी शाळेचा दाखला काढायची घाई कशाला करायची?

पैशाचा हिशेबही पाहावा, कारण संसाराला तो चुकत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालचा जमाखर्च तपासला. जगभर सुमारे चौदा हजार खेळाडू व्यावसायिक स्पर्धा खेळले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना बक्षिसाचा एक पैसाही मिळाला नाही. प्रशिक्षकाचा पगार सोडून देऊनही ज्यांची तोंडमिळवणी झाली असे स्त्री-पुरुष मिळून सहाशेच्या आत. आपली मुलगी त्या सहाशेंत असेल अशी आशा जरूर धरावी. पण संसार केवळ आशेवर चालत नाही.

आता आजींचा सल्ला. दहावीसाठी रॅकेट माळ्यावर ठेवले की बारावी येते, मग कॉलेज, मग स्थळे. माळ्यावरचे रॅकेट पुन्हा खाली येत नाही. मुलाला क्रिकेटची बॅट ठेवायला सांगताना आपण दहादा विचार करतो. मुलीचा खेळ थांबवायला एका वाक्याचाही अवधी लागत नाही. हे बरे नव्हे.

आणि खेळ चालू ठेवण्यात शिक्षणाचेही हित आहे. अमेरिकेतील विद्यापीठे चांगल्या टेनिसपटूंना शिष्यवृत्ती देतात. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठात शिकता शिकता २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे तिथली राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धा जिंकली. २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक आणले. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, आणि २०२३ साली हांगझौ येथे रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीत आशियाई सुवर्णपदक घेऊन आली. या वाटेची अट मात्र एकच आहे. ही विद्यापीठे नववी ते बारावीचे विषय आणि गुण तपासून घेतात. नुसते रॅकेट घेऊन त्या दारात प्रवेश नाही.

तेव्हा शाळा सोडायची नाही, आणि खेळही सोडायचा नाही. सोडायचे ते ठराविक वेळापत्रक. त्याचे मार्ग आहेत.

पहिला मार्ग आपल्या नेहमीच्या शाळेचा. वर्षाच्या आरंभी मुख्याध्यापिकांना भेटून स्पर्धांच्या तारखा द्याव्यात. आधी सांगितले तर शिक्षक मदत करतात. हजेरी बुडाल्यावर सांगितले तर रागावतात, आणि त्यांचे चुकत नाही. पंधरा स्पर्धांऐवजी आठच निवडल्या, त्यातल्या काही मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत घेतल्या, तर बुडणारे दिवस निम्म्याहून कमी होतात.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. १९८९ साली ही संस्था निघाली. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, नोंदणी पाच वर्षे चालते, आणि एकेक विषय सोडवत जाता येतो. पण मुक्त म्हणजे मोकाट नव्हे. घरी अभ्यासाची ठरलेली वेळ आणि विचारायला कोणी जाणते माणूस नसेल, तर पुस्तके कोरीच राहतात. विषय निवडतानाही पुढच्या कॉलेजचा विचार आधी करावा.

तिसरा मार्ग निवासी अकादमीचा. तिथे प्रवेश घेण्यापूर्वी कोर्ट किती आहेत हे विचारता, तसे शाळेत कोण शिकवते हेही विचारा. राफाएल नदाल चौदा वर्षांचा असताना स्पेनच्या महासंघाला तो बार्सिलोनात हवा होता. घरच्यांनी पाठवला नाही. शिक्षणाची आबाळ होईल, हे त्यांचे एक कारण होते. काकांच्या हाताखाली गावातच शिकून एकोणिसाव्या वर्षी तो फ्रेंच विजेता झाला. २०१६ साली त्याने गावी अकादमी काढली, तेव्हा तिच्याबरोबर शाळाही काढली.

मार्ग कोणताही असो, शरीराला विसरू नये. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. खेळाच्या डॉक्टरांचा एक सोपा आडाखा आहे: मूल जितक्या वर्षांचे, आठवड्याला तितक्याच तासांपर्यंत शिस्तीचा सराव, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. मघाचे रोजचे चार तास मोजले तर सहा दिवसांचे चोवीस होतात. तेरा वर्षांच्या मुलीला ते जवळजवळ दुप्पट आहेत. पहाटे पाचला उठवून रात्री अकरापर्यंत गणिते करून घेणे म्हणजे अभ्यास आणि खेळ दोन्ही बुडविणे होय.

आणखी एक गोष्ट. मुलीला विचारा. तिला खेळायचे आहे की आपल्याला तिला खेळवायचे आहे, हे वर्षातून एकदा तरी तिच्या तोंडून ऐका, आणि ती "नाही" म्हणाली तर तेही ऐका.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्यात निवृत्त शिक्षिका पुष्कळ आहेत. खेळाकरिता बाहेरगावी गेलेल्या मुलींचा बुडालेला धडा दर रविवारी तासभर समजावून देण्याचे काम मंडळाने अंगावर घ्यावे. खेळ कोणताही असो, टेनिस असो वा खो-खो. गणित मी घेईन. इंग्रजी आणि शास्त्राला कोण पुढे येते, ते भाषणानंतर चहाच्या वेळी सांगावे.