यादी आपली, भांडार सर्वांचं



शाळेतल्या संगणकाचं काम वेगळं आणि इस्पितळातल्या संगणकाचं वेगळं. शाळेत तासागणिक मुलं बदलतात, आज या खुर्चीवर बसलेली मुलगी उद्या त्या खुर्चीवर बसते, आणि तिची अर्धवट राहिलेली चित्रं तिला तिथेही सापडायला हवीत. इस्पितळात सीटी स्कॅनच्या शेकडो प्रतिमा नीट साठवून डॉक्टरांना क्षणात दाखवायच्या असतात. विकतची ऑपरेटिंग सिस्टिम कंपनी देईल तशी घ्यावी लागते. मुक्त सॉफ्टवेअर मात्र आपल्या कामासाठी बदलून घेण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. हा हक्क वापरायचा कसा, याबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण तो चुकीच्या रीतीने वापरला तर केलेली मेहनत दोन-चार वर्षांत वाया जाते.

उदाहरण घेऊ डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचं. 16 ऑगस्ट 1993 रोजी इयन मर्डॉक या अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने या प्रकल्पाची घोषणा केली. डेबियनवर कुणा कंपनीची मालकी नाही. जगभरचे स्वयंसेवक ती घडवतात. तिच्या भांडारात आज 60 हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या फाइल्स, आणि 'मला चालायला आणखी अमुक अमुक पॅकेजेस लागतात' अशी एक नोंद. ही नोंद ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आता समजा, आपल्याला शाळांसाठी खास सिस्टिम हवी आहे. सगळ्यांना आधी सुचतो तो मार्ग म्हणजे डेबियनची पूर्ण नक्कल करायची, हवे ते बदल करायचे आणि आपलं नाव, आपलं बोधचिन्ह लावून ती वाटायची. याला पूर्ण परवानगी आहे, आणि असं पुष्कळांनी केलेलं आहे. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. सुरक्षेतल्या त्रुटी सतत सापडत असतात. त्यांची दुरुस्ती आपल्या प्रतीतही वेळेवर पोहोचवावी लागते. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, तेव्हा आपले सगळे बदल तिच्यावर नव्याने बसवावे लागतात. पाच-सहा उत्साही माणसं हे एखादं वर्ष करतात. मग कुणाची नोकरी बदलते, कुणाचं अनुदान संपतं, आणि शाळांमधली यंत्रं जुन्या, दुरुस्ती न मिळणाऱ्या सिस्टिमवर अडकून पडतात.

नॉर्वेतल्या लोकांनी वेगळी वाट धरली. 2 जुलै 2001 रोजी तिथे 'स्कोलेलिनक्स' नावाचा प्रकल्प सुरू झाला. नॉर्वेजियन भाषेची बोकमोल आणि नीनोर्स्क अशी दोन लिखित रूपं आहेत, आणि शाळेची पाठ्यपुस्तकं दोन्हींत मिळायला हवीत असा तिथला कायदा आहे. उत्तरेकडच्या सामी लोकांची भाषा निराळीच. इतक्या थोड्या लोकांसाठी भाषांतर करण्यात मोठ्या कंपन्यांना काय रस असणार? तेव्हा हे काम स्वयंसेवकांनी हाती घेतलं. आणि 2003 मध्ये, फ्रान्समध्ये सुरू झालेल्या 'डेबियन एज्यु' या प्रकल्पाशी स्कोलेलिनक्स एकरूप झाला. म्हणजे शाळांची ही सिस्टिम डेबियनच्या बाहेर न राहता आतच वाढू लागली.

तिची रचना जरा जवळून बघू. शाळेत एक मुख्य सर्व्हर असतो. मुलांची खाती, पासवर्ड आणि फाइल्स त्याच्यावर असतात, त्यामुळे मूल कुठल्याही यंत्रावर बसलं तरी त्याचं दप्तर तिथे हजर. ज्या यंत्रात हार्ड डिस्कच नाही तेही नेटवर्कवरून सुरू होतं. देणगीत आलेल्या यंत्रांवर चालणाऱ्या शाळेला याचं मोल कळेल. आणि त्यातली एक छोटी सोय मला फार आवडते. संध्याकाळनंतर प्रत्येक यंत्र स्वतःच तपासतं की समोर कुणी काम करतंय का. कुणी नसेल तर ते बंद होतं, आणि सकाळी सर्व्हर त्याला नेटवर्कवरून पुन्हा सुरू करतो. विजेचं बिल वाचवण्याची ही शाळेची गरज. पण तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम आज डेबियनच्या भांडारात स्वतंत्र पॅकेज म्हणून आहे. एखादं ग्रंथालय किंवा कार्यालय तो तसाच उचलून वापरू शकतं.

डेबियनच्या आत राहून खास सिस्टिम घडवण्याच्या या पद्धतीचा गाभा म्हणजे मेटापॅकेज. त्याच्या पोटात स्वतःचा प्रोग्राम जवळजवळ नसतोच, असते फक्त ती मघाची नोंद. वाण्याकडे दिलेल्या महिन्याच्या यादीसारखी. तुम्ही एका नावाची मागणी करता आणि त्या नावाखालची सगळी पॅकेजेस यंत्रात येऊन बसतात. म्हणून खास सिस्टिम घडवणाऱ्याचं मोठं काम असतं यादी करण्याचं आणि तीत जे कमी आहे ते भांडारात आणून ठेवण्याचं. जर्मनीतल्या आंद्रेआस टिले यांनी 2002 च्या सुमारास सुरू केलेला 'डेबियन मेड' असाच चालतो. जीवशास्त्राच्या संशोधनासाठी एक यादी, वैद्यकीय प्रतिमांसाठी दुसरी. बेल्जियममधल्या लिएज इथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात जन्मलेला 'ऑर्थँक' हा वैद्यकीय प्रतिमा साठवणारा सर्व्हर आज या वाटेने कुठल्याही इस्पितळाला मिळतो. एप्रिल 2020 मध्ये, सगळं जग घरात बसलेलं असताना, 'डेबियन मेड'च्या गटाने कोविडवरच्या संशोधनाला लागणारी सॉफ्टवेअर्स तयार करण्यासाठी आठवडाभर ऑनलाइन काम केलं. टिले पुढे 2024 मध्ये डेबियनचे प्रकल्पप्रमुख म्हणून निवडून आले.

कधी कधी वेगळं व्हावंच लागतं, हेही सांगायला हवं. 2012 मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला. त्याच्या प्रोसेसरची रचना जुनी होती, आणि डेबियनची अशा प्रोसेसरांसाठीची वेगवान आवृत्ती त्याहून नव्या रचनेसाठी बांधलेली होती. तेव्हा काही लोकांनी डेबियनची हजारो पॅकेजेस त्या प्रोसेसरसाठी पुन्हा बांधली आणि रास्पबियन तयार केलं. तिथे दुसरा इलाज नव्हता. नुसतं आपलं नाव झळकावं म्हणून वेगळं होणं मात्र मला पटत नाही.

आता आपल्याकडे येऊ. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने भारतीय भाषांसाठी घडवलेली 'बॉस' ही सिस्टिम डेबियनवरच उभी राहिली. पण त्याखेरीज खुद्द डेबियनमध्येही मराठी आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये आलेल्या 'लेनी' या आवृत्तीत डेबियन यंत्रात बसवतानाच्या सूचना पहिल्यांदा मराठीत मिळाल्या. त्याच आवृत्तीत उत्तर सामीही आली. आपण कोट्यवधी, सामी बोलणारे काही हजार, आणि दोघांसाठीही दार एकाच वेळी उघडलं, कारण दोन्हीकडे कुणीतरी बसून वाक्यामागून वाक्य भाषांतरित केलं होतं. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्सची मराठी रूपंही भांडारात आहेत.

मराठी शाळांना लागणारी यादी यापेक्षा लांब आहे. तिसरीच्या मुलाला गणिताचा सराव कशावर द्यायचा, देवनागरी टायपिंग कशावर शिकवायचं, नकाशे कशात दाखवायचे, हे कुणा प्रोग्रामरपेक्षा वर्गात उभ्या असलेल्या बाईंना जास्त ठाऊक असतं. डेबियनमध्ये सूचना किंवा तक्रार साध्या ई-मेलने नोंदवता येते. ती सर्वांना वाचता येते, आणि तिचं पुढे काय झालं तेही तिथेच दिसतं. एखाद्या तालुक्यातल्या चार शिक्षकांनी मिळून 'आमच्या वर्गात हे चालतं, हे चालत नाही, याचं मराठी अपुरं आहे' एवढं लिहून पाठवलं, तरी यादीची सुरुवात झाली. भाषांतराला कॉलेजातली मुलं बसवता येतील.