फोटोचा कॅमेरा, जुनं भिंग आणि आपली शाळा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. आपल्या बॅचमध्ये इंजिनिअर इतके आहेत, की मी माझ्या कामाबद्दल बोलायला लागले तर निम्मे चुका काढतील आणि निम्मे जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहतील. म्हणून मी वेगळा विषय घेतला आहे. फोटो काढायच्या कॅमेऱ्यावर पूर्ण लांबीचे चित्रपट कसे झाले, हा तो विषय. मी सॉफ्टवेअरवाली आहे, सिनेमावाली नाही. पण शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे आणि त्याची वाट या विषयातून जाते.

आपण शाळेत होतो तेव्हा सिनेमा फिल्मवर व्हायचा. ३५ मिलिमीटर फिल्मचं हजार फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. नट वाक्य विसरला की पैसे गेले. नंतर व्हिडिओ कॅमेरे आले, पण स्वस्त कॅमेऱ्यातलं चित्रग्रहण करणारं संवेदक नखाएवढं. त्यामुळे माणूस आणि मागची भिंत दोन्ही सारखीच स्पष्ट दिसायची आणि सगळं लग्नाच्या कॅसेटसारखं वाटायचं.

२००८ मध्ये कॅननने ‘५डी मार्क टू’ हा कॅमेरा आणला. तो मुळात फोटोचा. व्हिडिओची सोय दिली ती प्रामुख्याने वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी. पण त्याचं संवेदक ३६ बाय २४ मिलिमीटरचं, म्हणजे सिनेमाच्या फिल्मवरच्या चौकटीपेक्षाही मोठं. चेहरा स्पष्ट आणि मागचं जग विरघळलेलं, हे मोठ्या पडद्यावरचं दृश्य एका खांद्यावरच्या पिशवीत मावायला लागलं. २०१० मध्ये ‘हाउस’ या गाजलेल्या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला.

आता भिंगाकडे येऊ. विज्ञानाच्या तासाला आपण बहिर्गोल भिंग हातात धरून खिडकीबाहेरचं झाड समोरच्या भिंतीवर उलटं पाडायचो. भिंग जरा पुढेमागे झालं की झाड पुसट. कॅमेऱ्यातही तेच चालतं. प्रत्येक कंपनीने भिंगाची बैठक आणि फिल्म यांच्यातलं अंतर ठरवलेलं असतं. निकॉनचं ४६.५ मिलिमीटर, कॅननचं ४४. म्हणून अडीच मिलिमीटर जाडीची धातूची कडी मध्ये बसवली की निकॉनचं भिंग कॅननवर नेमक्या जागी येतं. उलटं मात्र जमत नाही, कारण वजा अडीच मिलिमीटरची कडी बाजारात मिळत नाही! जुन्या रशियन झेनिट कॅमेऱ्यावरचं ५८ मिलिमीटरचं हेलिओस भिंगही अशाच कडीने कॅननवर बसतं. या भिंगातून मागची पानं गोल भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात आणि नेमक्या त्या दोषासाठी लोक ते शोधत फिरतात.

ही युक्ती नवी नाही. स्टॅन्ली कुब्रिकने १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्तीच्या उजेडात प्रसंग चित्रित केले. त्यासाठी झाइस कंपनीने नासासाठी बनवलेलं फोटोचं भिंग सिनेमाच्या कॅमेऱ्याला लावलं. भिंगाचा मागचा भाग फिल्मच्या इतका जवळ येत होता, की कॅमेराच कापूनकोरून घ्यावा लागला.

या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग सॉफ्टवेअरचा आहे. ‘५डी मार्क टू’ सुरुवातीला व्हिडिओ घेताना प्रकाशाचं सगळं स्वतःच ठरवायचा. चालू प्रसंगात नटाने दार उघडलं की चित्र आपोआप गडद व्हायचं. लोकांनी काय केलं? कडी लावून निकॉनची जुनी भिंगं बसवली. त्यांचं छिद्र हाताने फिरवायचं, त्यामुळे कॅमेऱ्याचा त्यावर ताबाच चालेना. सॉफ्टवेअरची अडचण लोखंडी कडीने सुटली. कंपनीने २००९ च्या मध्यावर हाताने नियंत्रण करायची सोय दिली आणि सेकंदाला २४ व २५ चित्रांची सोय २०१० च्या मार्चमध्ये. दरम्यान २००९ मध्येच ट्रॅमेल हडसन या प्रोग्रामरने ‘मॅजिक लँटर्न’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते कार्डावरून चालायचं आणि आवाजाची पातळी पडद्यावर दाखवायचं. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. २०१३ पर्यंत त्यातून कच्चं, न दाबलेलं चित्रही मिळू लागलं. कंपनीने ज्याचा विचार केला नव्हता, ते वापरणाऱ्यांनी करून दाखवलं.

तोटेही सांगायला हवेत. बारीक चौकडीच्या शर्टावर रंगीत लाटा उठतात. कॅमेरा झटकन फिरवला की खांब तिरके होतात. एका वेळी साधारण १२ मिनिटांचीच फाइल होते. आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर लागतो आणि नंतर जुळवायला टाळी वाजवावी लागते. आज सिनेमासाठीचे चांगले कॅमेरे आवाक्यात आले आहेत, त्यामुळे मोठ्या सेटवर याची गरज उरलेली नाही.

मग हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? २०११ मध्ये अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ आला. छायाचित्रण अमोल गोळे यांचं, कॅमेरा कॅननचा ‘७डी’, फोटोचाच. शाळेतली मुलं शनिवारी काही तास कार्यशाळेला यायची, असं दीड वर्ष चाललं. कोणाचीही शाळा बुडाली नाही. मोठा कॅमेरा, ट्रॉली, दिवे, पन्नास माणसं असती तर ती मुलं मुलांसारखी वागलीच नसती. छोट्या कॅमेऱ्याने पैसे वाचवले हे खरंच, पण त्याहून मोठं काम म्हणजे तो मुलांच्या मध्ये आला नाही. डबा न आणणाऱ्या एका मुलाची ती गोष्ट आहे. आपल्याही वर्गात डबा न आणणारी मुलं होती. मधल्या सुट्टीत ती नळावर जाऊन बराच वेळ पाणी पीत बसायची. त्यांतले काही आज या सभागृहात आहेत. त्यांची गोष्ट कोणी टिपलेली नाही.

आता मागणं. या मेळाव्याची निमंत्रणपत्रिका छापायला दिली तेव्हा यादीत असलेले आपले दोन शिक्षक आज आपल्यात नाहीत. त्यांचे फोटो आपल्या गटावर भरपूर आले. आवाज मात्र एकाकडेही निघाला नाही. ज्या आवाजाने आपल्याला दहा वर्षं हाक मारली, तो आता फक्त आपल्या कानात आहे आणि आपण गेलो की तिथूनही जाणार.

तुमच्यापैकी अनेकांनी मुलं लहान असताना फोटोचे चांगले कॅमेरे घेतले. फोन आल्यापासून ते कपाटात पडून आहेत. ते शाळेला द्या. कोणाच्या वडिलांचं जुनं भिंग असेल तर तेही द्या, कडी मी आणते. आठवी-नववीच्या मुलांना मी चार शनिवार शिकवीन. पहिला धडा आत्ताच सांगते: वर्गातल्या ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ चित्रं आणि शटर एकपन्नासांश ठेवायचं, म्हणजे चित्र लुकलुकत नाही. मुलांनी बाईंकडे, सरांकडे, घंटा देणाऱ्या मामांकडे जायचं, प्रश्न विचारायचे आणि गप्प बसून ऐकायचं. आणि ज्यांच्याकडे डबा नसायचा, त्यांची तयारी असेल तर त्यांच्याकडेही जायचं.

गुरुजनहो, आपण मुलांना घरी येऊ द्यावं, एवढी विनंती. साडी कोणती नेसू, दाढी केली नाही, असं म्हणून पुढे ढकलू नका. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, गृहपाठ उद्यावर टाकायचा नसतो.

कॅमेरे दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेच्या कार्यालयात जमा करावेत. चार्जर विसरू नका.